बनाबाईचं इंटरनेटवरचं बारसं

३ डिसेंबर १९९९, शुक्रवार

नागेशला अमेरिकेत मुलगी झाली. निरोप शेजारच्या दत्तोबाच्या फोनवर आला, कारण आमचा फोन अजून यायचा आहे. दत्तोबाने लगेच पेढे मागितले. फोन त्याचा, नात माझी. पेढे कुणी द्यायचे यावर विचार करावा लागेल.

नातीचं नाव बनाबाई ठेवणार. माझ्या आईचं. तिने मेंढरांमागे पायपीट करून मला सातवीपर्यंत शिकवलं. तिचा एक फोटोसुद्धा घरात नाही. निदान त्या नावाने कुणाला तरी हाक मारता यावी.

बायको, म्हाळसा, म्हणाली, अमेरिकेत बनाबाई कोन म्हनंल? मी म्हणालो, मी म्हणेन. ती चुलीकडे वळली. पटलं असावं.

छातीत धडधडतं आहे. आनंदाचं असेल. तरी गोळी घेतली.

५ डिसेंबर, रविवार

मोठीच अडचण. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं. आत्या म्हणजे आमची सारजा, ती भवानीनगरला. कान अमेरिकेत.

दुपारपर्यंत उपाय काढला. बारामतीत विजयसिंहाने सायबर कॅफे टाकला आहे. तिथे ईमेल उघडलं की त्यातूनच अमेरिकेला फोन लागतो. फुकट. दत्तोबाला हे शास्त्र समजावून सांगितलं. तो म्हणाला, आबा, पत्रातनं फोन कसा काय लागंल? अडाणी माणसाशी वाद घालत नाही.

मलाही नीट कळलेलं नाही. पण मी तसं बोललो नाही.

७ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

ईमेल काढलं. माझं बिरू हे नाव जगात आधीच कुणीतरी घेऊन बसलं आहे. मागे आकडे लावावे लागले. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, असं विजयसिंहाने बजावलं. मी पाठ केला. कागदावर लिहिणं धोक्याचं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पासवर्ड आठवेना. नवीन ईमेल काढलं. हा दोष मशीनचा आहे.

नागेशला ईमेल पाठवलं. मी सांगितलं, विजयसिंहाने टाईप केलं: सोमवारी तेरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता सारजा फोनवरून नाव सांगेल, बाळाचा कान तयार ठेव. विजयसिंह मधेच म्हणाला, आबा, आपल्याकडं पाच वाजत्यात तवा तितं सकाळचं साडेसहा असत्यात. कुनाचं पाच, ते लिवू का? मी म्हणालो, पाच म्हणजे पाच. पोरगा आमच्या जळोची गावचा आहे, त्याला कळतं.

९ डिसेंबर, गुरुवार

नागेशचं उत्तर आलं आहे, असा विजयसिंहाने निरोप पाठवला. वाचायला गेलो नाही. बापाने कळवलं, विषय संपला.

रात्रभर झोप नव्हती. दत्तोबाचा जावई सांगत होता, इंटरनेटवर काहीही टाकलं की सगळं जग बघतं. म्हणजे नावही ऐकणार. बारशाआधी नाव बाहेर फुटणं बरं नव्हे. सारजाला निरोप धाडला: नाव अगदी हळू सांगायचं. तोंडाआड हात धरून.

हॅलो वगैरे मीच करणार. मेंढरं वळून तयार झालेला आवाज आहे. अमेरिका लांब आहे.

१३ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळी सात

बारसं पार पडलं. फार सुरेख झालं. सविस्तर लिहितो.

सारजा भवानीनगरहून सासू आणि दोन जावांना घेऊन कॅफेत आली. म्हाळसाने घुगऱ्यांचं पातेलं आणि घरचा वरवंटा आणला. विजयसिंह म्हणाला, आबा, वरवंटा कशाला? मी म्हणालो, बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवतात, एवढंही माहीत नाही का? तो म्हणाला, ते म्हाईत हाय, पर हितं पाळना कुटं हाय? बायकांनी दोन टेबलांना शाल बांधली आणि हेडफोन त्यात निजवला. काँप्युटरला हळदकुंकू लावलं. फिरवताना वरवंटा एका जावेच्या हातून निसटला आणि कीबोर्डवर पडला. पडद्यावर ओळीच्या ओळी उमटल्या. शुभ आहे असं मी जाहीर केलं. विजयसिंहाला ते पटलं नाही.

फोन लागला. पहिल्या झटक्यात! नागेशचाच आवाज. चार वाक्यं इंग्रजीत बोलला, तिकडची सवय. मग टूं असं वाजलं आणि तो ऐकायला गप्प बसला. मी हॅलो, हॅलो म्हणून खुशाली सांगितली, पाऊसपाणी सांगितलं, दत्तोबाच्या पेढ्यांचा प्रश्न घातला. पोराने मधे एक शब्द काढला नाही. परदेशात राहून वडीलधाऱ्यांसमोर गप्प बसतो, याने मला भरून आलं. विजयसिंह सारखा म्हणत होता, आबा, तितं मानूस न्हाय. मी हात करून त्याला थांबवलं.

मग सारजाने हेडफोन तोंडाशी धरला, कुर्र केलं आणि हात आड धरून नाव सांगितलं. मी शेजारी उभा, मलाही ऐकू आलं नाही. इतकं सुंदर. लगेच जावांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. सासूने जुना हिशेब चुकता केल्यासारखा एक घातला. हेडफोनची वायर सॉकेटमधून निघाली. तोवर काम झालं होतं.

घुगऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटल्या. कीबोर्डमधून दोन हरभरे अजून निघायचे आहेत.

१४ डिसेंबर, मंगळवार

अशी बारशी लावून द्यायचा व्यवसाय करावा का? भवानीनगर, कळंब, सगळीकडची पोरं परदेशी जात आहेत. वरवंटा आपला. विजयसिंहाला विचारलं. त्याने दाराकडे बोट दाखवलं. विचार करून सांगतो, असा त्याचा अर्थ.

१८ डिसेंबर, शनिवार

नागेशचा फोन, दत्तोबाच्या घरी. पळत गेलो. दत्तोबाने मुद्दाम अंगणात खाटा टाकून माणसं बसवली होती.

नागेश म्हणाला, आबा, सोमवारी तुम्ही बोललात ते मशीनशी. आम्ही झोपलो होतो, बाळासाठी घंटा बंद ठेवली होती. ते इंग्रजी माझंच, आधी भरून ठेवलेलं. आम्ही आमच्या संध्याकाळी पाचला बाळाचा कान धरून बसलो होतो.

म्हणजे गप्प बसला होता तो मशीन. चांगल्या वळणाचं मशीन आहे.

पुढे म्हणाला, टेपवर सगळं आलं. पाऊसपाणी आलं, पेढे आले, कुर्र आलं, बुक्के आले. फक्त नाव आलं नाही. आणि इथे हॉस्पिटलमध्येच नाव लिहून द्यावं लागलं. प्रतीक्षा. ईमेलमध्ये कळवलं होतं.

मी मफलरने डोळे पुसले. थंडी फार आहे.

मग तो म्हणाला, पण आबा, घरात हाक मारायला तुम्ही ठरवलेलंच नाव ठेवू. ताईने काय सांगितलं होतं कानात?

मी श्वास भरून घेतला. डोंगरापलीकडच्या कळपाला घालायचो तशी हाक घातली. बनाबाई! दोनदा. तिसऱ्यांदा आई आठवली म्हणून.

पलीकडे शांत. गहिवरला असेल. मी वाट बघत उभा राहिलो. दत्तोबाने रिसीव्हर हातातून घेऊन कानाला लावला आणि म्हणाला, लाईन कवाच गेलीया, आबा.

बाहेर आलो तर अंगणातली माणसं उठून उभी. वरच्या आळीतून छबूबाई धावत आली, बनाबाई कोन हरवली म्हणून विचारत.

आता सबंध जळोचीला नाव ठाऊक आहे. पोरीला सोडून.