बाद झालेली परत जिवंत कधी होते?

प्रिय अण्णा,

तुमचा एक प्रश्न माझ्याकडे तसाच पडून होता. काल घोटावड्याच्या मैदानावर त्याचं उत्तर सापडलं, म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अजून वर्षही झालं नाही आणि तुम्ही माझ्या मॅचमध्ये लुडबुड करायचं काही सोडत नाही!

माझी मॅच बघायला तुम्ही पहिल्यांदा लवळ्याला कॉलेजच्या कोर्टवर आलात, आठवतंय? भरे गावचे नावाजलेले कबड्डीपटू तुम्ही, बास्केटबॉल जन्मात पाहिला नव्हता. आम्ही एका गुणाने मागे, शेवटचे काही सेकंद उरलेले, बॉल समोरच्यांकडे. मी धावत जाऊन त्यांच्या पोरीला सरळ मिठी मारली. आणि तुम्ही कुंपणाच्या जाळीबाहेरून ओरडलात, "धरली! आरं, पकड झाली!"

अख्खं कॉलेज वळून हसलं. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

तुम्हाला वाटलं, पकडीचा गुण मिळाला. मिळाला होता पाचवा फाउल. मी बाहेर बाकावर.

घरी येताना गाडीवर मागे बसून तुम्ही नुसते प्रश्न विचारत होतात. "मुद्दाम धरलीस?"

"हो. धरलं की घड्याळ थांबतं. त्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे मोकळे नेम, मिळतात. ते चुकले तर बॉल आपल्या हाती येऊ शकतो."

"आन् तू बाहीर जाशील ह्ये म्हाईत व्हतं?"

"हो."

पिरंगुट आलं. मग म्हणालात, "मंग परत जिवंत कवा व्हतीस?"

"नाही होत, अण्णा. पाच झाले की संपलं."

"आपलं बास्केट पडलं तरी न्हाई? ह्यो कसला खेळ गं? आमच्यात समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला जिवंत व्हतोय!"

केवढे चिडला होतात! त्या दिवशी आम्ही हरलो, त्याबद्दल एक शब्द नाही. राग सगळा त्या नियमावर. असं का, हे मला अजून कळलेलं नाही. कबड्डीत कधी बराच वेळ बाहेर बसून राहिला होतात का? विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यातही तेच. डॉक्टर बाहेर गेले की हळूच विचारायचात, "किती फाउल झालं गं माझं?" मी म्हणायचे, चार. "मंग हाय अजून एक," म्हणून हसायचात. त्या हसण्यावर मी विसंबून राहिले, अण्णा. एखादा टाइमआउट तरी घ्यायचा होतात ना!

आता कालचं ऐका. मी शिकवते त्या शाळेच्या मुलींची सेमीफायनल. माझी शिवानी, आमची सगळ्यात चांगली नेमबाज, दहावीत आहे. हरलो तर शाळेकडून तिची ही शेवटची मॅच. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे, बॉल त्यांच्याकडे, आणि त्यांच्या पोरीच्या सगळ्यात जवळ कोण? शिवानी. चार फाउल झालेली. तिने माझ्याकडे पाहिलं.

मला ओरडायचं होतं "फाउल!" तोंडातून निघालं, "धर!"

तिने धरलं. शिट्टी वाजली. शिवानी मान खाली घालून बाकावर येऊन बसली. समोरची मुलगी रेषेवर उभी राहिली. पहिला नेम चुकला. दुसरा रिंगवर आपटून बाहेर आला आणि आमच्या आरतीने तो वरच्या वर घेतला. ती पळत सुटली. भोंगा वाजला तेव्हा बॉल हातातून सुटून हवेत होता, म्हणजे पडला तर गुण धरणार. रिंगवर फिरला, फिरला, आणि आत पडला!

पोरींनी आरतीला सोडून बाकाकडे धाव घेतली. शिवानी रडत होती. म्हणाली, "मॅडम, मी तर बाद झालते."

मी म्हणाले, "परवा फायनल आहे. पोरी, तू जिवंत झालीस!"

बोलून गेले आणि माझेच डोळे भरले. अण्णा, इतकी वर्षं बास्केटबॉल खेळले, शिकवला, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नव्हती! तेव्हा गाडीवर मी तुम्हाला अर्धवटच सांगितलं. बाद झालेली परत जिवंत होते. त्याच मॅचमध्ये नाही, पुढच्या मॅचला. पण त्यासाठी मागे राहिलेल्यांना जिंकावं लागतं.

तुमचीही पुढची मॅच असते का हो? कुठल्या मैदानात? तिथे घड्याळ थांबतं का?

मला माहीत नाही. पण शब्द देते, आम्ही मागे राहिलेले नीट खेळू. उद्या शेवटचा भोंगा होईपर्यंत एकही पोर हात खाली सोडणार नाही. आणि बास्केट पडलं की मी आधी कुंपणाच्या जाळीकडे बघेन. तिथून कुणी "धरली!" म्हणून ओरडलं, तर या वेळी मी तोंड लपवणार नाही.

तुमची,
पाच फाउलवाली लेक सुमी