मान हलवेपर्यंत

बाई, तुमचा भाचा आज तुमचं चरित्र न्यायला येणार आहे, म्हणून हे लिहिते आहे. शाळेच्या स्मरणिकेत ते छापायचं आहे. लिहून तयार आहे, आणि मला भीती वाटते.

चरित्र म्हणजे काय, हे पेडण्याच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत. राजे पदरच्या माणसांकडून आपली चरित्रं लिहवून घेत, ती धाकाने लिहिली जात. संतांची त्यांच्यामागे शिष्य लिहीत, ती भक्तीने. दोन्हींत माणूस कमीच सापडतो, असं सांगून तुम्ही आम्हाला घरच्या एकाचं चरित्र लिहायला लावलंत. अट एकच. ज्याचं लिहिलं त्याच्यासमोर वाचायचं, आणि त्याने मान हलवली तरच तुम्हाला दाखवायचं. मी आईचं लिहिलं. ती चुलीपुढे नारळ खवते आहे, मी वाचते आहे. "इतकी बरी मी कधी होतें गो? चवथीच्या गणपतीसारखी रंगवलीस मला!" तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलासुद्धा नाहीत. "परत लिही. ती मान हलवेपर्यंत लिही."

तुम्ही तर गेलात; आता तुमची मान कुठून आणू?

भाच्याचा फोन आला होता. "ताई, आत्या निर्भय होती, इतकंच येऊ दे. लग्नाचं कित्याक? लोक नेमकं तेवढंच वाचतील." तो खोटं बोलत नाही. डिचोलीचं सासर सोडून आलेल्या, धारगळला एकट्या राहिलेल्या, आख्खी शाळा धाकात ठेवणाऱ्या बाई त्याने पाहिल्या. मी मात्र कॉलेजात असताना एका संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात बसले आहे. तुम्ही चहात उंडा पाव बुडवता आहात. रस्त्यावर मोटारसायकल थांबते. तुम्ही उठून दाराला कडी घालता आणि भिंतीला टेकता.

"बाई, भाड्याच्या मोटारसायकलचा पायलट आहे. शेजाऱ्यांना सोडायला आला," मी जनेलातून बघून सांगते.

"गेला?"

"गेला."

"नवऱ्याची मोटारसायकल अशीच होती. न्यायला येईन म्हणाला होता." मग नेहमीचा आवाज. "बघतेस काय? चहा पी, निवतो आहे."

हे मी लिहिलं आहे. वगळलं तर तुम्हीही चवथीची मूर्ती होता. ठेवलं, तर तुम्ही जन्मभर घातलेली कडी मी गावासमोर काढते. सकाळी सगळं तुमच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. फोटो काय मान हलवणार!

इथवर लिहिलं आणि दाराशी मोटारसायकल थांबली. मी उठले ती आधी कडी घातली. आपल्याच घरात, ठरवून येणाऱ्या माणसासाठी. "ताई, मी हो! उघडा!" तो बाहेरून हसत होता. मी थोडा वेळ भिंतीला टेकून राहिले, मग दार उघडलं.

त्याच्या हाती दिलं ते असं. चरित्राची पानं, कडीचं पान त्यांतच, आपल्या जागी. तुमचा शाळेतला फोटो. निर्भय हा शब्द दिला नाही.