आठ फ्रॉक, एक माप

१२ ऑगस्ट

चि. ढबूस,

आत्याचे अ. उ. आ. घरी सगळे ठीक, मी सोडून. मी रागात आहे आणि राग उतरायच्या आत लिहायला बसले आहे. उतरल्यावर नेहमीसारखं तुला सोडून दिलं असतं.

तुझं पुस्तक पोचलं. मुली जेवण का टाकतात यावर माणूस पाच वर्षं शिकतो आणि दीडशे पानं लिहितो, हे मला अजून पटलेलं नाही. आमच्या वेळी भूक लागली की जेवायचं, संपलं संशोधन. तरी तुझं म्हणून शब्दाला शब्द लावत वाचायला घेतलं, आणि सहाव्या पानावर अडले. प्रस्तावनेत तू एका मुलीची हकीकत घातली आहेस. अकरा वर्षांची पोर गणवेशाचं माप द्यायला जाते, शिवणारी बाई तिची छाती-कंबर अख्ख्या रांगेपुढे ओरडून सांगते, रांग हसते, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर आपला डबा शाळेच्या भिंतीमागे ओतायला लागते. दुकान कुणाचं हे ओळखायला मला चष्मा लागला नाही. निळा पडदा, तीन पायांचं स्टूल, कोपरा उडालेला आरसा. एवढं लिहिलंस, तर पाटीही लावायची होतीस.

अगं, मी ओरडते ती हौसेने का? मापाची वही जाऊबाई लिहितात आणि त्यांना ऐकू कमी येतं. हळू सांगितलं की त्या विचारत बसत नाहीत, अंदाजाने आकडा ठोकून देतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे आणि एकही गिऱ्हाईक रडत गेलेलं मला आठवत नाही. कोण ही चहाडखोर, तिचं नाव कळव. एकदा समोर बसवून विचारते.

आता बातमी. टिटवीला नाचाच्या संघात पहिल्या रांगेत घेतलं आहे. (तिचे आईबाप नोकरीसाठी परगावी गेल्यापासून माझी ही नात माझ्यापाशी आहे, हे तुला ठाऊकच आहे.) आठ मुली, आठ फ्रॉक, काम माझ्याकडे. नाचाच्या बाईंना आठही एकाच मापाचे हवे होते, म्हणजे रांग एकसारखी दिसते म्हणे. मलाही ते सोपं पडलं. कापडाचे आठ थर एकावर एक ठेवले आणि कात्री एकदाच चालवली. टिटवीला तो आधी चढत नव्हता, आता मस्त बसतो. पोर चांगली सडपातळ झाली आहे. शाळेचा स्कर्ट दोनदा आत घेतला. मध्यंतरी कवायतीत तिला चक्कर आली होती, तेव्हापासून शाळेतली नर्सबाई दर सोमवारी वजन करते. वजन जागच्या जागी आहे म्हणते, तेव्हा तू तुझं शास्त्र इकडे लावू नकोस.

रागासकट लोभ आहेच, तूही ठेव.

तुझी आत्या


१९ ऑगस्ट

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझा राग पोचला. आता माझा घे.

तुझ्या पत्रातला दुकानाचा भाग मी एकदा वाचला आणि टिटवीचा सहा वेळा. स्कर्ट दोनदा आत घेतलास, हे तू बक्षीस मिळाल्यासारखं लिहिलं आहेस. आत्या, वाढत्या वयाची पोर आहे ती. तेराव्या वर्षी स्कर्ट सैल करावे लागतात, आत घ्यावे लागत नाहीत. माझ्याकडे इथे ज्या मुली येतात, त्यांच्या घरीही पहिले दोन महिने सगळे हेच म्हणत होते, कशी छान बारीक झाली. मग पाळी थांबते, केस गळतात, भर उन्हाळ्यात थंडी वाजते. तेव्हा कुठे कुणीतरी ताटाकडे बघतं.

म्हणून माझ्यावर चिडून झालं की एवढं कर. जाऊबाईंची वही उघड. टिटवीचं प्रत्येक माप आणि त्याची तारीख मला लिहून पाठव. आणि तिच्याशेजारी बसून जेव. घास बारीक बारीक करून ताटात फिरवते का, मैत्रिणीकडे खाऊन आले म्हणते का, जेवल्या जेवल्या न्हाणीघरात जाते का, ते बघ. बोलू नकोस, रागवू तर अजिबात नकोस. फक्त बघ. मी पाच वर्षं हेच करते आहे, आणि माझ्याच घरात ते तुझ्या मशीनच्या आवाजाखाली झाकून गेलं असेल तर मी काय तोंडाने पुस्तकं लिहू?

नर्सबाईंचं वजन मला पटत नाही. का, ते इथून सांगता येत नाही.

प्रस्तावनेतल्या मुलीचं नाव मागू नकोस.

जाऊबाईंना नमस्कार. माझ्या बोलण्याने लोभ उसवणार नाही एवढा टाका पक्का आहे, असं धरून चालते.

तुझी ढबू


२७ ऑगस्ट

चि. ढबूस,

अ. उ. आ. हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी तुला नको नको ते बोलले होते.

वही उघडली ती तुला खोटं पाडायला. मार्चमध्ये टिटवीची कंबर पंचवीस. जूनच्या सुरुवातीला साडेतेवीस. जुलैत बावीस. परवा मी पुन्हा टेप धरला तर साडेवीस. आधीच्या तीन ठिकाणी जाऊबाईंचं अक्षर आणि तिन्ही वेळा आवाज माझा. एकदा तर मी आकडा ओरडून वर शाबासकीही दिली होती, दुकानात आणखी चार पोरी उभ्या असताना.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. काटा म्हणतो पोर आहे तेवढीच आहे, टेप म्हणतो घटली. दोघांतलं एक खोटं बोलतंय. माझा टेप चाळीस वर्षांत खोटं बोललेला नाही.

रविवारी तिचे कपडे धुवायला घेतले तेव्हा परकर हाताला जड लागला. पडदा सरळ पडावा म्हणून आम्ही त्याच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालतो, तुला आठवत असतील. लहानपणी तू ते गजगे म्हणून खेळायचीस. माझा तो डबा अर्धा रिकामा आहे. बाकीचं शिसं परकराच्या दुमडीत होतं, शेजारी शेजारी, हलू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळा कप्पा. सोमवारच्या काट्यासाठी. आणि शिवण कशी म्हणशील? बाहेरून एक टाका दिसत नव्हता. हा टाका या घरात एकच बाई शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत मीच तिला मांडीजवळ बसवून शिकवला, आणि हात किती हलका आहे म्हणून जाऊबाईंकडे कौतुक केलं.

मी उठले ती चपला घालून थेट नाचाच्या बाईंकडे. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की सगळ्यात लहान मुलीच्या मापावर आठही फ्रॉक कापा, असं मी कधी म्हणाले होते? आणि खरंच, त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. एकच माप हवं, एवढंच म्हणाल्या होत्या. सगळ्यात लहान माप मी निवडलं, कारण त्यात कापड बसत होतं. मग बाई म्हणाल्या की ज्यांना फ्रॉक बसेल त्याच पहिल्या रांगेत, हे मात्र त्यांनी मुलींना सांगितलं होतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांच्यावर मी तिथेच तोंड सोडलं. पण घरी परत येताना माझ्यासाठी काही शिल्लक राहिलं नव्हतं असं नाही.

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. तुझ्या पुस्तकातल्या बाईला मी पाटी लाव म्हटलं होतं. लाव.

टिटवीला अजून काही बोललेले नाही. परकर घडी घालून ठेवला आहे. काय करू ते लगेच कळव. पोर माझ्यासमोर बसून खोटं खोटं चावते आहे गं.

आत्या


३० ऑगस्ट

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. मी गुरुवारी सकाळी पोचते. तोवर एवढंच करायचं. परकर तिच्यापुढे पुरावा म्हणून टाकू नकोस. तिला मांडीवर घेऊन सांग की जड लागला, मला कळलं, तुला शिक्षा नाही. उद्याच डॉक्टरांकडे ने आणि आधी नाडी आणि रक्त बघायला सांग, शिशाविना वजन मग. तिच्या आईबापांना आजच कळव. आणि फ्रॉकने पोर आजारी पडली असं स्वतःला बजावत बसू नकोस. एका कारणाने हे कधी होत नाही, एवढं तरी पाच वर्षांत मला कळलं आहे. पण ज्या घरात असं माप ओरडलं जातं तिथे ते सोपं होतं, हेही कळलं आहे. दोन्ही खरं आहे. एक पुसून दुसरं लिहिता येत नाही.

तू नाव विचारलं होतंस. प्रस्तावनेतली मुलगी मी आहे. अकराव्या वर्षी, तुझ्या स्टुलावर. तू ओरडली होतीस, "ढबू, कंबर तीस, नावाला जागते पोरगी!" रांग हसली. तूही हसलीस, मायेने हसलीस, ते मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर बोलता आलं नाही. परक्या बाईवर चिडता येतं. जी संध्याकाळी स्वतःच्या ताटातलं वाढते तिच्यावर कसं चिडायचं? तो डबा मी दोन वर्षं ओतला. तुझ्याच हातचा असायचा. हा राग मी वीस वर्षं घडी घालून ठेवला आणि त्याचं पुस्तक केलं. आता तुला दिला. सांभाळ.

तू माझी आहेस, म्हणूनच सही हीच करते. शेवटची.

ढबू


९ नोव्हेंबर

चि.

(पुढे काय लिहावं ते तू सांगशील. तोवर जागा मोकळी ठेवली आहे.) अ. उ. आ.

तू परत गेल्याला महिना झाला. दवाखान्यात तू टिटवीपाशी बसायचीस आणि मी दाराबाहेर. तिथे मी पुष्कळ विचार केला. तुझी माफी मागायची तर मला ती नीट बेतता येत नाही, कुठून कापू तेच कळत नाही. ओतलेला प्रत्येक डबा मी भरला होता आणि रिकामा परत आला म्हणून खूष झाले होते, एवढंच लिहिते.

लहान कापलेलं कापड मोठं होत नाही. म्हणून नवं आणून सात फ्रॉक पुन्हा बेतले, सात पोरींच्या सात मापांचे. टिटवीच्या आठव्या फ्रॉकची मशीन पुसायची फडकी केली. नाचाच्या बाई आल्या आणि रांग वाकडी दिसेल म्हणाल्या. मी म्हटलं, रेघ सरळ हवी तर पट्टीने आखा, पोरींनी नको. बाईंच्या पहिल्या रांगेच्या नियमाबद्दल मुख्याध्यापकांना पत्र दिलं आहे, सात आयांच्या सह्या आहेत. बाईंनी माझ्याकडे येणं बंद केलं. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माप आता पडद्याआड घेते, एकेकीचं. टेप खुंटीला टांगून ठेवला. आकडे शिकायच्या आधी मी जसं घ्यायचे तसं घेते. कापडाची पट्टी अंगाभोवती धरायची आणि जिथे टोक येतं तिथे कात्रीने एक खाच. ना आकडा, ना ओरडणं. पट्टीला चिठ्ठी टाचून जाऊबाईंकडे. त्यांना सुरुवातीला वाटलं की मी त्यांच्याशी अबोला धरला. दोन दिवस रुसल्या होत्या.

टिटवी. डॉक्टरीणबाई म्हणतात वर्ष लागेल, जास्तही लागेल. दिवसातून सहा वेळा मी तिच्यासमोर बसते. एका केळ्याला पाऊण तास. कधी ती ताट ढकलते, मला नाही नाही ते बोलते. मी उठत नाही. परवा पेला भिंतीवर आपटला. मी दुसरा आणला. तिच्या अंगात तो आजार बोलतो असं तू सांगितलंस, म्हणून त्याला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घालते की विचारू नकोस.

काल दुपारी मी काज करत होते. ती शाळेचा स्कर्ट घालून दारात उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, कंबरेला काचतोय. सैल करून दे."

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर पुन्हा खोलीत पळाली असती. नुसता हात पुढे केला, तिने पडद्याआड जाऊन कपडे बदलले आणि स्कर्ट हातात दिला. दोनदा आत घेतला होता, पण आतलं कापड मी कधी कापून टाकत नाही, तसंच होतं. दोन्ही शिवणी उसवल्या. ती स्टुलावर बसून बघत होती. मग दुसरी सुई घेतली आणि पलीकडच्या बाजूने शिवायला लागली.

तुझी पट्टी पाठव. घरी आलीस की घालायला एक सैलसा झगा शिवते. लोभ आहे तेवढा ठेव, आणि राग उरला असेल तर तोही पाठव, ठेवायला जागा आहे.

आत्या