मशीन वर आणलंय

बाबा,

दुकानाची किल्ली शोधत बसू नका, मी नेली आहे. उठवलं असतं तर कालचं भांडण पुन्हा सुरू झालं असतं, आणि तुम्ही छान घोरत होतात.

पाऊस नुसता ओततोय, म्हणून ऑफिसने मला भुयारी बाजारात पाठवलंय. पाणी किती वेगाने चढतंय ते बघून बाजार बंद करायचा का, ते मी सांगायचंय. तिथल्या तुमच्या शिवणकामाच्या दुकानावर मी धोक्याची लाल खूण केली, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही. पण बाबा, तुमचं दार बाहेर उघडतं. पाणी अडवायला उंबऱ्याला फळी लावून तुम्ही आत निवांत शिवत बसता. बाहेर गुडघाभर पाणी साचलं, तर ते दार पैलवानालाही आतून ढकलता येणार नाही.

गिऱ्हाइकांसाठी नाही, पण आईच्या शिलाई मशीनसाठी तुम्ही खाली धावाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून वॉचमनकाकांना घेऊन मी ते वर आणलंय. स्वयंपाकघरात चादरीखाली आहे. माझी कंबर मोडली. चाक जरा कुरकुरतंय, तेल घाला.

चहा थर्मासमध्ये आहे. गोळी खाल्ल्याशिवाय पिऊ नका.

रागवायचं असेल तर खुशाल या. फक्त बाजाराचा जिना उतरू नका, वरच्या पायरीवरूनच ओरडा. तुमचा आवाज वरून आला, की मी खाली निर्धास्त काम करेन.

तुमची चिमी