वरच्या मजल्याबाबत, आणि एका वाक्याबाबत

मी, रेणुकादास अण्णाराव कंधारकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बांधकाम सुपरवायझर (निवृत्त झालो, तरी दिसेल त्या भिंतीकडं अजून एक डोळा मिटून बघतो), मूळ राहणार माहूर, हल्ली मुक्काम लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मर्जीनं आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं कुणी राहतच नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, फिकीर करू नका. कामाला हात घालण्याआधी प्रत्येक ठेकेदार हेच म्हणतो, सबब कागद आधी करून ठेवलेला बरा.

वकिलांनी एक पानाचा छापील नमुना दिला होता. तो वाचून, नीट घडी घालून, मी त्यांना परत दिला. मला जे लिहायचं आहे ते एका पानात बसत नाही.

कलम १. वारस. पत्नी प्रेमला चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी देविका धर्माबादला दिली आहे, तिथंच शाळेत शिकवते. मुलगा सर्वेश याच गावात बँकेत आहे, पण माझ्यापाशी राहत नाही. तो, सून रेणुका आणि नात इरा गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. बाप-लेकाचं पटत नाही असं गल्लीत म्हणतात. गल्लीचं चुकलेलं नाही, पण त्यात पोराचा दोष काडीचाही नव्हता हे मी इथं लिहून देतो.

कलम २. मिळकत. तीस बाय चाळीसचा प्लॉट आणि त्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर व ओसरी असं खालच्या मजल्याचं घर. गच्चीवर नऊ कॉलमच्या सळया दोन-दोन फूट वर सोडलेल्या आहेत, प्लॅस्टिकच्या बाटल्या घालून. वरचा मजला सर्वेशसाठी चढवायचा म्हणून त्या सोडल्या होत्या. नऊ वर्षं झाली, तो चढला नाही. मीच चढू दिला नाही.

सर्वेशनं पाच वेळा विषय काढला. एकदा मी म्हणालो नगरपालिकेची परवानगी मिळत नाही, एकदा म्हणालो लोखंड महाग झालं, एकदा तर म्हणालो या वर्षी दक्षिणेकडं बांधायचं नसतं. ज्या माणसानं जन्मभर मुहूर्तवाल्यांची टिंगल केली त्यानं हे कारण सांगावं! पाचव्यांदा तो उठला आणि त्याच महिन्यात भाड्याच्या खोल्या बघून राहायला गेला. सगळी कारणं खोटी होती. खरं कारण पुढच्या कलमात आहे, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

कलम ३. खरं कारण. हे घर मी २०१६ साली बांधलं. लातूरला आगगाडीनं पाणी आलं ते वर्ष. शहाण्या माणसानं त्या वर्षी विटेला हात लावला नसता. पण घरमालकानं मेअखेर जागा सोडा म्हणून सांगितलं होतं, आणि तीस-पस्तीस वर्षं नांदेड-लातूरकडं दुसऱ्यांची घरं उभी करणाऱ्या माणसाला स्वतःचं घर बांधायची घाई झाली होती. मी रेणापूरकडच्या एका विहिरीचं पाणी टँकरनं आणून हौद काठोकाठ भरून घेतला आणि ८ एप्रिलला स्लॅब टाकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. स्लॅब ओतला म्हणजे झाला नाही. त्याला निदान चौदा दिवस सतत ओला ठेवावा लागतो, तरच तो मुरतो आणि घट्ट होतो. उन्हात सुकला तर वरून दगड दिसतो आणि आतून भुसभुशीत राहतो. वरच्या मजल्याच्या भिंती ज्या बीमांवर उभ्या राहणार ते बीमही स्लॅबबरोबरच ओतलेले असतात. म्हणजे पाणी चुकलं की सगळंच चुकलं.

दुसऱ्याच दिवशी मला नांदेडच्या एका शाळेच्या कामावर जावं लागलं, तीन आठवडे. जाताना प्रेमलाला शिकवून गेलो. गच्चीवर मातीचे बांध घालून वाफे केलेत, सकाळ-संध्याकाळ भरायचे, वर ओली बारदानं टाकायची, हौदातल्या थेंबाला दुसरं कुणी हात लावायचा नाही. आम्ही याच गल्लीत चार घरं सोडून भाड्यानं राहत होतो, तेव्हा तिला अवघड नव्हतं.

३० एप्रिलला परत आलो. हौद कोरडा. तळाला बोटभर गाळ. विचारलं तेव्हा कळलं, चौथ्या दिवसापासून गल्लीत टँकर आला नव्हता आणि माझ्या बायकोनं हौद गल्लीला खुला केला होता. ती म्हणाली, "लोकांची लेकरं तहानलेली असताना मी गच्चीला पाणी पाजू काय?" मी मनात हिशेब केला, चार दिवसांचं पाणी. मग ती म्हणाली, "पण स्लॅब कोरडा ठेवला न्हाई मी." मी तिला पुढं बोलू दिलं नाही. तुला काय कळतं काँक्रीटमधलं, असं म्हणालो. आणि नंतर, पार्वतीबाई आणि गल्लीतल्या आणखी तीन बाया या घराच्या ओट्यावर उभ्या असताना, नको ते बोललो. ती आत गेली. हा विषय तिनं मरेपर्यंत पुन्हा काढला नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पाच वर्षं मी पुनर्वसनाच्या घरांवर होतो. ढिगाऱ्यातून काय काय निघतं ते या डोळ्यांनी बघितलंय. ज्या स्लॅबची मला खातरी नाही त्यावर मी माझ्या नातीला निजवणार नव्हतो. आणि सर्वेशला खरं सांगायचं म्हणजे तुझ्या आईनं घर कच्चं ठेवलं असं सांगायचं. तेही माझ्यानं झालं नाही. तिचं नाव राखलं, पण पोटात तिच्यावरचा राग धरून राखलं. ती आजारी पडली, मी सगळं केलं, औषधं, दवाखाना, रात्रीचं जागणं. पण राग ठेवूनच केलं. हे लिहिताना मला शरम वाटते.

मग स्लॅब तपासून का घेतला नाही, असं कुणी विचारील. भीतीनं. तपासला आणि खराब निघाला तर माझा संशय पक्का झाला असता. त्यापेक्षा मी संशयाबरोबर नांदत राहिलो.

कलम ४. अहवाल. ऑपरेशन ठरलं तेव्हा हे मृत्युपत्र लिहायला बसलो आणि इथंच अडलो. मी गेलो आणि काही सांगितलं नाही, तर सर्वेश सहा महिन्यांत वरचा मजला चढवणार. सांगितलं, तर अंदाजावर कसं सांगायचं? सुपरवायझर माणूस अंदाज लिहून मरत नसतो. शेवटी नांदेडहून तपासणीवाल्यांना बोलावलं. त्यांनी तीन जागचे गोल तुकडे कापून नेले. आठ दिवसांनी कागद आला. वीसची ताकद हवी होती. चोवीस, तेवीस आणि पंचवीस निघाली.

मी त्यांना फोन करून रागावलो. म्हणालो, तुम्ही दुसऱ्याच्या घराचा कागद मला पाठवलाय. त्यांनी बिचाऱ्यांनी परत तपासलं. तेच आकडे.

तेव्हा समोरच्या पार्वतीबाईंकडं गेलो. विचारलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर काय चाललं होतं? त्या म्हणाल्या, "तुमाला ठावं न्हाई? एक हंडा न्यायचा, एक बादली वर आणून वतायची. असा तिचा कायदा व्हता."

तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, लेकरांना आंघोळ घातलेलं, धुण्याचं शेवटचं, असलं पाणी. बावीस घरं, दोन वेळा, अठरा दिवस. बाया शिडीवरून बादल्या चढवायच्या आणि प्रेमला वर उभी राहून कोणता कोपरा सुकला ते दाखवायची. जिनं बादली आणली नाही तिला दुसऱ्या दिवशी हंडा मिळायचा नाही, मग ती कितीही जवळची असो. पुस्तकात लिहिलंय की काँक्रीटला पिण्यालायक पाणीच मारावं. पुस्तकवाल्यानं त्या साली लातुरात येऊन दाखवावं.

पदरी माणसं नाहीत, सामान नाही, पाणी नाही, मुदत ठरलेली. आणि काम पुरं, वर गल्ली तहानेली राहिली नाही. माझ्या सबंध नोकरीत असं काम मी एकदाही चालवलेलं नाही. मी पार्वतीबाईंना विचारलं, नऊ वर्षांत मला का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, आधी वाटलं तुम्हाला माहीत असेल. आणि तुम्ही त्या दिवशी तसं बोलल्यावर तिनंच आम्हाला शपथ घातली, की यांना सांगू नका, विचारतील तेव्हाच सांगा. मी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी गच्चीवर गेलो, तपासणीवाल्यांनी केलेली तीन भोकं स्वतः गिलावा कालवून बुजवली आणि तिथंच बसून पोटभर रडलो. मग खाली येऊन जेवलो आणि झोपलो. सकाळी नऊला जाग आली. इतकं मी तरुणपणीही झोपलो नव्हतो.

कलम ५. वाटणी. खालचा मजला माझ्या पश्चात सर्वेश आणि देविका यांचा, निम्मा-निम्मा. गच्ची आणि त्यावर मजला चढवण्याचा हक्क एकट्या सर्वेशचा. देविकाला हे विचारून लिहिलं आहे. ती म्हणाली, बाबा, एकदाचं बांधून टाका.

सर्वेशला बोलावून अहवाल हातात दिला आणि कलम तीन वाचून दाखवलं. त्यानं अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मी तुम्हाला नको होतो, असं नव्हतं?" मी म्हणालो, "न्हाई रे बाळा." एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन आला आणि इराला टेपचं टोक धरायला लावून गच्ची मोजत बसला.

कलम ६. वरच्या मजल्याचं काम. ही सूचना नसून अट आहे.

काम दिवाळीनंतर सुरू करावं, तेव्हा विहिरींना पाणी असतं. नकाशा आधी पुरा करावा आणि वीट लागल्यावर बदलू नये. आधी लोखंड आणावं, सिमेंट लागेल तसंच आणावं. जुन्या सळयांचा गंज तारेच्या ब्रशनं काढल्याशिवाय पुढची सळई जोडू नये. मिस्त्रीशी बोलणारा माणूस एकच असावा, आणि तो सर्वेश असावा. घरातल्या चौघांनी चार हुकूम दिले की मिस्त्री पाचवंच करतो. स्लॅबच्या दिवशी कामावरच्या सगळ्यांना गोड जेवण द्यावं आणि ते काम संपल्यावर नव्हे, दुपारीच द्यावं. पाणी चौदा दिवस मारावं. पंधराव्या दिवशीही मारलं तर कुणी मरत नाही.

मी तोवर हयात असल्यास खाली खुर्ची टाकून गप्प बसेन. बोललोच तर ऐकू नये.

कलम ७. हत्यारं. ओळंबा, लेव्हलची नळी, स्टीलची टेप आणि काटकोन बघायचा माझा पितळी गुण्या मिस्त्री धम्मानंद यांना. अठ्ठावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या चुका काढल्या. त्यातल्या बहुतेक माझ्या होत्या हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, म्हणून इथं करतो. वरचं काम त्यांनीच करावं अशी विनंती आहे.

कलम ८. बाकीचं. प्रेमलाचे दागिने देविकाला, त्यातली मोहनमाळ इराला. बँकेतली ठेव आधी वरच्या मजल्याला लावावी, उरेल ती दोघांनी वाटून घ्यावी. मेव्हणे भीमाशंकर यांनी जोतं बांधून झाल्यावर येऊन स्वयंपाकघर अमुक दिशेला हवं म्हणून मला एक भिंत पाडायला लावली होती. त्यांना मी काहीही ठेवलेलं नाही. तरी वरच्या मजल्याच्या वास्तूला त्यांना मानानं बोलवावं, आणि मुद्दाम काम पुरं झाल्यावर बोलवावं. आता माझा त्यांच्यावर राग नाही. सध्या माझा कुणावरच राग नाही, ही सवय नवी आहे.

पार्वतीबाईंना प्रेमलाची पैठणी द्यायचं मनात होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, एक काहीतरी ठरवा. मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, लुगडी लई हायत, मला साक्षीला ठेवा.

कलम ९. रद्द करणे. प्रत्येक मृत्युपत्रात, याआधी केलेलं सगळं रद्द समजावं, असं लिहायचं असतं. मी याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. परंतु ३० एप्रिल २०१६ रोजी, दुपारी, चार बायांच्या समक्ष, मी माझ्या पत्नीला असं म्हणालो होतो: "प्रेमला, तू माझं घर कायमचं नासवलंस." ते वाक्य मी आज पूर्ण शुद्धीत रद्द करीत आहे. ते खोटं होतं. हे घर तिनं पक्कं केलं, मी फक्त बांधलं होतं. हे तिच्यापर्यंत पोचवण्याची सोय माझ्याकडं नाही. जिथं ते बोललो त्याच ओट्यावर बसून लिहितो आहे, एवढंच माझ्या हातात होतं.

ठिकाण: लातूर
तारीख: १४ सप्टेंबर २०२५

(सही) रेणुकादास अण्णाराव कंधारकर

साक्षीदार क्र. १: शेषेराव, शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक. वरील मजकूर रेणुकादासरावांनी आम्हा दोघांसमोर मोठ्यानं वाचला. कलम नऊला थांबले, पाणी प्यायले, आणि पुढं वाचून सही केली. ते पूर्ण भानावर आहेत. (सही)

साक्षीदार क्र. २: पार्वतीबाई, समोरचं घर. माझ्या हातानं लिवते. ते वाक्य बोलले तवा मी हितंच हजर व्हते. आज मागं घेतलं तवा बी हजर हाय. (सही)