विहाराबाहेरच्या चपला

रविवार, संध्याकाळ. शिरवणे.

आज लय येडेपणा केला. विहारात वंदना चालू होती तेव्हा बाहेरच्या सगळ्या चपला उचलून समोरच्या देवळाच्या पायरीशी नेऊन ठेवल्या. आईची पिन लावलेली चप्पलपण. देवळाच्या भोंग्यावरून दोन्हीकडचे दोन महिने बोलत नव्हते. म्हटलं, जरा मज्जा बघू.

वंदना संपली. लोक अनवाणी बाहेर आले आणि आवाज चढले. "मुद्दाम केलं यांनी!" माझी तंतरली. आता डोकी फुटणार, ती पण माझ्यामुळे.

तेवढ्यात देवळातल्या भजनवाल्या काकी आईची चप्पल हातात घेऊन आल्या. "ही पिनवाली कोनाची गो?"

"माझी," आई रागातच.

"आगो, पाय फाटंल ना! बस हितं." काकींनी सुईदोरा मागवून पट्टा शिवला. मग काय, दोन्हीकडचे मिळून जोड्या लावत बसले, चहा झाला. रविवारी वंदना संपेपर्यंत भोंगा बंद, हेपण काकींनीच ठरवून टाकलं.

चांगलंच झालं ना? मग मी आईची नजर का चुकवतोय? आई म्हणते, ज्याने केलं तो सापडू दे फक्त. आणि तिची चप्पल आता पिनेशिवाय एकदम मजबूत आहे.

डायरी, तू कोणाला सांगू नको यार, पाया पडतो.