आईची पंगत बदलण्याबाबत, किंवा न बदलण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य भोजन अधिकारी,
मोठा भोजनकक्ष, पाचवा मजला,
(याच जहाजावर)

विषय : एकाच कुटुंबातील चौघांना जेवणाच्या पहिल्या पंगतीत आणि एका व्यक्तीला दुसऱ्या पंगतीत बसवल्याबाबत, व त्यातून मार्ग काढण्याबाबत.

संदर्भ : आपल्या सहायकांशी काल व आज झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझे वडील भोजनकक्षातील आमच्या टेबलावरून उठले आणि गळ्यातला रुमाल तसाच ठेवून बाहेर गेले. आम्ही शोधाशोध केली तेव्हा ते खालच्या मजल्यावर, जिथे जाड दोरांची वेटोळी ठेवलेली असतात तिथल्या बाकावर, घामाने भिजून बसलेले सापडले. त्यांना मधुमेह आहे. जेवणाआधीचे इन्सुलिन त्यांना दिलेले होते; जेवण त्यांनी घेतले नव्हते. जहाजाच्या डॉक्टर बाईंनी साखरेचे पाणी पाजून त्यांना सावरले. हाच प्रकार पुन्हा घडला तर पुढच्या बंदरावर त्यांना उतरवावे लागेल, असे बाईंनी मला स्पष्ट सांगितले आहे. उतरवायचे म्हणजे रुग्णालयात, आणि सोबत आई.

हे का घडले ते पुढे क्रमाने मांडते. जे मी स्वतः पाहिले नाही तिथे ते कुणी सांगितले, हेही लिहिले आहे.

१. आपल्या भोजनकक्षात रात्रीचे जेवण दोन वेळा होते, सहाला आणि साडेआठला. आपण त्यांना पहिली बैठक आणि दुसरी बैठक म्हणता. आमच्या घरात कोणत्याही जेवणाला पंगतच म्हणतात, म्हणून मी या अर्जात तोच शब्द वापरते. बावीस क्रमांकाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत आणि पहिल्या पंगतीला तिथे आम्ही चौघे बसतो : वडील, मी, माझे पती आणि आमची मुलगी. आई दुसऱ्या पंगतीला, भिंतीकडच्या गोल टेबलावर, अनोळखी लोकांत बसते. ही सहल आम्ही सगळ्यांनी एकदा तरी एकत्र जेवावे म्हणून काढली होती. घरी आमच्या कामाच्या पाळ्या जुळत नाहीत.

२. ही विभागणी आपल्या कार्यालयाने केलेली नाही, हे मला मान्य आहे. ती माझ्या पतींनी केली. ते भूमापक आहेत. समोरचा जे सांगेल ते लिहून घ्यायचे, आपले मत त्यात घालायचे नाही, ही त्यांची कामाची सवय आहे. नावे नोंदवताना त्यांनी आईला फोन करून विचारले, "आई, तुम्हाला जेवायला आधी बसायचंय की नंतर?" आई म्हणाली, "तुम्ही सगळे बसून घ्या हो. मी मागून बसते."

हे वाक्य आई रोज बोलते. मला कळू लागले तेव्हापासून मी ते ऐकत आले आहे. त्याचा अर्थ कुणी लावत नाही. दार लोटून घ्या, दिवा मालवा, तसे ते वाक्य आहे. माझ्या पतींनी मात्र त्याचा अर्थ लावला आणि आईच्या नावापुढे दुसरी बैठक नोंदवली. मी त्यांना विचारले की, असे कसे लिहिलेत. ते म्हणाले, "त्यांनीच सांगितलं. मी काय मनाचं लिहू?"

३. जहाजावर चढताना चूक लक्षात आली. तेव्हाच मी आपल्या सहायकांकडे गेले होते. पहिली पंगत भरली असल्याचे त्यांनी सांगितले. आई शेजारीच उभी होती. ती मला म्हणाली की, राहू दे, एवढं काय त्यात, मी कुठं कधी आधी बसते. विषय तिथेच संपला असता. वडिलांमुळे तो संपला नाही.

४. वडील बस आगारात वेळापत्रक लावण्याचे काम करत. आयुष्यभर ते घरी आले की ताट मांडलेले असे. ते जेवून उठत, मग मी, मग आई. आई कुठे बसते, काय खाते, हे त्यांनी कधी पाहिले असेल असे मला वाटत नाही, कारण तोपर्यंत ते झोपलेले असत. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते सावरले, पण उजवा हात नीट चालेना आणि समोरच्या जेवणाचे काय करायचे हेच ते विसरत. रुग्णालयातून सोडताना आईला सांगितले गेले की, त्यांच्या शेजारी बसून तुम्हीही जेवा. तुम्ही घास घेतलात की ते घेतील. त्याप्रमाणे ती शेजारी बसून दोन घास घेऊ लागली, पूर्ण जेवण मात्र मागूनच. हात सुधारला. पण आई शेजारी बसल्याशिवाय त्यांना जेवण सुरू करता येत नाही, हे तसेच राहिले. हट्ट म्हणावा तर त्यात रागही नसतो. ते नुसते थांबतात.

५. पहिल्या संध्याकाळी ते थांबले. आम्ही खूप समजावले. फळांचा रस मात्र ते प्यायले, म्हणून निभावले. दुसऱ्या संध्याकाळी आई त्यांच्यासोबत आली आणि खुर्चीच्या मागे उभी राहिली. पाचवी खुर्ची मागितली, पण टेबलालगतची वाट संकटकाळी बाहेर पडण्याची असल्याने वेटरने दिली नाही. त्याचे बरोबरच होते. आईने मागूनच वडिलांच्या ताटलीतल्या माशाचे काटे काढून दिले, पावाचे तुकडे केले, पाण्याचा ग्लास हाताशी सरकवला. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघू लागली. एकाने तर आईकडेच चमचा मागितला, आणि तिने तो आणूनही दिला. इथे नमूद करते की, आई निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या उपाहारगृहात वाढपी होती.

वडील म्हणाले, "तू बस."

ती म्हणाली, "जेवा तुम्ही. मी मागून बसते."

त्यावर वडील म्हणाले, "तू कायम मागूनच बसतेस."

ते एवढेच बोलले आणि थोडेसे जेवले. काल, म्हणजे तिसऱ्या संध्याकाळी, आई आलीच नाही. पुढे काय झाले ते सुरुवातीला लिहिले आहे.

६. त्यानंतर मी आपल्या सहायकांना पुन्हा भेटले. आईला पहिल्या पंगतीत घ्या, मी किंवा माझे पती दुसऱ्या पंगतीत जातो, अशी अदलाबदल मी सुचवली. त्यांना ती मान्य होती. मात्र नियमानुसार प्रवाशाची स्वतःची संमती हवी, म्हणून आज सकाळी त्यांनी आईला विचारले. आई त्यांना नाही म्हणाली. हे त्यांनीच मला सांगितले आणि सांगताना ते जरा संकोचले होते.

७. मी आईला केबिनबाहेरच्या अरुंद बोळात गाठले. जाणारे-येणारे सारखे आमच्यामधून वाट काढत होते, तरी बोलणे झाले. कालचा प्रकार तिला ठाऊक होता. रात्रभर वडिलांच्या उशाशी तीच बसली होती. मी म्हटले, "त्यांचा जीव जाईल, आणि तू नाही म्हणतेस?" ती रागावली नाही. तिने मला तिच्या टेबलाबद्दल सांगितले. कपडे धुण्याचे दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी तिथे बसतात, एक निवृत्त घड्याळजी असतात, एक चित्रकलेचे मास्तर. आई अजून आली नाही म्हणून पहिल्या रात्री ते सूप न घेता थांबले होते. वेटर येऊन विचारतो की, तुमच्यासाठी काय आणू. पहिल्यांदा ती म्हणाली, इतरांना काय हवं ते आणा. तो म्हणाला, त्यांचं विचारून झालं, आता तुमचं सांगा. घड्याळजी म्हणाले, घाई नाही बाई, माझी सगळी घड्याळं घरी आहेत. हे सांगताना आई हसली.

मग ती म्हणाली, "मी त्यांना सोडून जेवत नाहीये गं. मी जेवतेय."

मी सुचवले की, मग वडिलांनाच तुझ्या टेबलावर आणू. तिथे एक खुर्ची रिकामी आहे हे मला माहीत आहे. आईलाही माहीत आहे. ती त्या खुर्चीवर आपली पर्स ठेवते. ती म्हणाली, "ते शेजारी बसले की मी परत वाढायला लागेन. माझा हात आपोआप जातो. तू अडव, नाहीतर ते अडवोत, जाणारच. एवढी सहल संपेपर्यंत मला कुणी तरी विचारू दे."

इतके बोलून ती आत गेली. दार लावून घेण्याआधी तिने आणखी एक वाक्य सांगितले, तेही जसेच्या तसे देते : "त्यांना मी दिसले की झालं ना? मग लांबून दिसू दे."

८. हे सर्व लक्षात घेता, आईची पंगत बदलण्याची माझी कालची तोंडी विनंती मी मागे घेते आणि तिच्या जागी पुढील विनंती करते. भोजनकक्षाच्या मधल्या खांबाला लागून एक लहान टेबल आहे. त्यावर सध्या पावाच्या टोपल्या ठेवतात. दुसऱ्या पंगतीसाठी ते मोकळे करून वडिलांना तिथे बसवावे. तिथून आईचे टेबल दिसते. मी आज दुपारी कक्ष रिकामा असताना त्या जागी बसून पाहिले आहे : तिथून तिची पाठ आणि उजवा हात दिसेल. घास घेताना हात हलतो, तो वडिलांना दिसेल. वडिलांना आई बसल्यानंतरच आणले जावे, आधी नाही. आधी आणल्यास ते तिची वाट बघत उभे राहतील. त्यांच्या ताटलीतल्या मांसाचे तुकडे स्वयंपाकघरातूनच करून यावेत. आईच्या टेबलावरचा वेटर आणि वडिलांचा वेटर वेगळा असावा, म्हणजे वडिलांना काय हवे हे आईला कुणी विचारणार नाही. जेवायला उशीर केला तर चालेल का, हे मी डॉक्टर बाईंना विचारले. इन्सुलिन साडेआठला दिले तरी हरकत नाही, मात्र ताट समोर आल्यावर द्या, असे त्या म्हणाल्या. एवढ्या लांबून दिसलेल्या पाठीवर वडील जेवतील का, याची खात्री त्यांना देता आली नाही. मलाही देता येत नाही.

९. वडिलांना एकटे बसवता येणार नाही, त्यामुळे खांबाजवळ मी बसेन. माझी मुलगी मात्र साडेआठपर्यंत जागी राहत नाही आणि माझ्याशिवाय भाजीला हात लावत नाही, म्हणून सहाला मला तिच्याजवळही बसावे लागेल. सबब माझे नाव दोन्ही पंगतींत नोंदवावे. पहिल्या पंगतीत मी तिला भरवेन आणि दुसऱ्या पंगतीत वडिलांकडे लक्ष देईन. हा मसुदा मी पतींना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारले, "मग तू जेवणार केव्हा?"

मी म्हटले, "तुमचं सगळ्यांचं होऊ दे. मी मागून बसते."

हे उत्तर मी विचार न करता दिले. पतींच्या हातात पेन होते. त्यांनी ते खाली ठेवले. आपल्या कार्यालयानेही माझ्या नावापुढे त्याची कुठेही नोंद करू नये, अशी वेगळी आणि कळकळीची विनंती आहे. माझ्या जेवणाची वेळ हा या अर्जाचा विषय नाही. तो विषय असायला हवा होता का, हे मी अजून ठरवलेले नाही.

आपल्या कक्षाची शिस्त मोडावी असा हेतू नाही. खांबाजवळचे टेबल आजच मिळाले तर वडील पुढच्या बंदरावर उतरणार नाहीत, आणि आईला तिची खुर्ची सोडावी लागणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागणे अवघड आहे याची कल्पना असूनही मी त्या एकाच अर्जात मागत आहे.

निर्णयाची वाट पाहत,
बावीस क्रमांकाच्या टेबलावरील प्रवासी,
(सही)

दिनांक : सहलीची चौथी संध्याकाळ

सोबत :
१. जहाजाच्या डॉक्टर बाईंची चिठ्ठी.
२. खांबाजवळच्या टेबलाचा हाताने काढलेला नकाशा, आईच्या खुर्चीपर्यंतच्या अंतरासह (माझ्या पतींनी मोजून दिलेला).
३. माझ्या पतींचा खुलासा, दोन ओळी. तिसरी त्यांना सुचली नाही.

ता. क. : अर्ज द्यायला मी आले तेव्हा आपण जागेवर नव्हता, म्हणून ही पुरवणी भोजनकक्षाच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहून लिहीत आहे. दुसरी पंगत बसली आहे. खांबाजवळच्या टेबलावर पावाच्या टोपल्या आहेत. वडील माझ्या शेजारी, रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर आहेत. आपल्या एका वेटरने कुणालाही न विचारता त्यांच्या मांडीवर ताटली आणून दिली. त्यातला पावाचा तुकडा त्यांनी उचलला आहे, तोंडात घातलेला नाही. इन्सुलिनचे इंजेक्शन माझ्या हातात आहे, अजून दिलेले नाही. काचेतून आईची पाठ दिसते. समोर बसलेल्या धोबीण बहिणींपैकी एकीने दाराकडे पाहून तिला काहीतरी सांगितले. आई वळली नाही. आत्ता तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आहे.